दूरचित्रवाणीचे ख्रिस्ती परीक्षण : एका व्यवसायाची कुळकथा

चौथ्या शतकात कायद्याच्या अध्ययनासाठी रोम शहरी आलेल्या आलिपियस नावाच्या तरुणाची हकीकत संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात मोठ्या तपशिलाने नोंदवून ठेवली आहे. ग्लॅडिएटरांच्या झुंजींचा या तरुणाला मनस्वी तिटकारा होता. परंतु एके दिवशी वाटेत भेटलेल्या सोबत्यांनी त्याला जवळजवळ ओढतच क्रीडागारात नेले, तेव्हा शरीराने इथे बसलो तरी मनाने इथे असणार नाही असा निश्चय करून त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. कान मात्र त्याला मिटता आले नाहीत. झुंजीत कोणी एक कोसळला, सहस्रावधी कंठांतून एकच आरोळी उठली, आणि जे काही दिसेल त्याचा आपण तिरस्कारच करू अशा आत्मविश्वासाने त्याने डोळे उघडले ते पुन्हा मिटलेच नाहीत. तोही इतरांबरोबर ओरडू लागला, आणि पुढे आपणहून येताना दुसऱ्यांनाही ओढून आणू लागला. हाच आलिपियस उत्तरायुष्यात थागास्ते नगरीचा बिशप झाला.

दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांचे ख्रिस्ती कुटुंबाच्या दृष्टीने परीक्षण करणे हा आज अमेरिकेत एक रीतसर व्यवसाय आहे. त्याची दफ्तरे आहेत, त्याचे पगारी लेखक आहेत, त्याचे ठरीव नमुने आहेत, आणि संध्याकाळी संच लावण्यापूर्वी त्याचा अभिप्राय पाहून घेणारी असंख्य घरे आहेत. या व्यवसायाची कुळकथा सांगताना आलिपियसची आठवण प्रथम करावी लागते. कारण तमाशापुढे डोळे मिटून भागत नाही, आपल्या माणसांसाठी कोणीतरी ते आधी उघडून ठेवावे लागतात, ही गोष्ट ख्रिस्ती समाजाच्या ध्यानी यावयास त्याच्यानंतर पंधरा शतके लोटावी लागली.

तोवरचा उपदेश सरळ होता : जाऊ नका. इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेज येथे टर्टुलियनने खेळतमाशांवर एक स्वतंत्र प्रबंधच लिहिला, आणि नाट्यगृह, घोडशर्यती व रक्तरंजित झुंजी यांचा उगम मूर्तिपूजेत दाखवून ख्रिस्तशिष्यांनी त्यांच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवू नये असे बजावले. १६४२ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने, प्युरिटन पक्षाचे वजन वाढले असता, लंडनमधील नाट्यगृहे बंद करण्याचा हुकूम काढला. दोन्ही प्रसंगी एक गोष्ट गृहीत होती, ती अशी की तमाशा तेथे आहे आणि घर येथे आहे, आणि दोहोंच्या मध्ये एक रस्ता आहे. रस्ता असला म्हणजे त्यावरून न जाण्याचा उपदेश करता येतो. विसाव्या शतकाने तो रस्ताच नाहीसा केला.

या नाहीशा होण्याची पहिली पायरी चित्रपट ही होय. १९२० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमधील कॅथलिक विद्यालयांच्या माजी विद्यार्थिनींच्या संघाने प्रदर्शनापूर्वी चित्रपट पाहून ठेवण्याचे काम अंगावर घेतले. त्यात विवाहित गृहिणी होत्या, शिक्षिका होत्या. आणि त्यांचे धोरण असे की चांगल्या चित्रपटांची यादी तेवढी प्रसिद्ध करावयाची, वाईटाचा उल्लेखही करावयाचा नाही, म्हणजे निषेधामुळे होणारी फुकटची जाहिरात आपोआप टळते. हे धोरण सौम्य होते, आणि उपद्व्यापी जगात सौम्य धोरण जितके टिकावे तितकेच ते टिकले. १९३० मध्ये मार्टिन क्विग्ली हा चित्रपटव्यवसायाच्या नियतकालिकांचा कॅथलिक प्रकाशक आणि फादर डॅनियल लॉर्ड हा जेझुइट धर्मगुरू यांनी निर्मात्यांसाठी आचारसंहिता रचून दिली. परंतु तिची अंमलबजावणी होईना. तेव्हा १९३४ साली बिशपांनी ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ ही चळवळ देशभर उभी केली आणि फिलाडेल्फियाचे कार्डिनल डोहर्टी यांनी तर आपल्या धर्मप्रांतातील कॅथलिकांना चित्रपटगृहात पाऊलच न टाकण्याचे फर्मान सोडले. त्याच वर्षी जोसेफ ब्रीन याच्या हाती संहितेचा अंमल सोपवून निर्मात्यांनी माघार घेतली.

दरवर्षी डिसेंबरात, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाजवळच्या रविवारी, मिस्सेच्या वेळी सारा धर्मग्राम उभा राहून अनीतिमान चित्रपटांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा म्हणत असे. चित्रपटांना अक्षरे दिली जात : नैतिक आक्षेप नसलेला तो ‘ए’ वर्ग, अंशतः आक्षेपार्ह तो ‘बी’, आणि सर्वस्वी निषिद्ध तो ‘सी’. चित्रपट पाहून मते नोंदविण्याचे प्रत्यक्ष काम बहुतांशी त्या न्यूयॉर्कच्या महिलांकडेच राहिले. मात्र त्यांनी टिपलेल्या साऱ्या तपशिलातून सामान्य भाविकाच्या हाती शेवटी एक अक्षर तेवढे पडे. बाप मुलाला अमुक चित्रपट पाहू नकोस असे सांगू शके, पण का, हे त्या अक्षरात कोठेच लिहिलेले नसे. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी आपल्या परिपत्रकात अशाच याद्या देशोदेशी प्रसिद्ध करण्याची शिफारस केली, त्यामुळे ही पद्धत अमेरिकेपुरती राहिली नाही.

अक्षराचा दरारा मोठा खरा, परंतु तो टिकाऊ नव्हता. रॉबेर्तो रोस्सेलिनी याच्या ‘द मिरॅकल’ या इटालियन चित्रपटाचा निषेध कार्डिनल स्पेलमन यांनी उच्च स्वरात केला, न्यूयॉर्क राज्याने त्याचा परवाना रद्द केला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा १९५२ साली न्यायालयाने चित्रपटालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे असा निवाडा दिला. ज्या धाकावर ही सारी व्यवस्था उभी होती तो धाक त्या निवाड्याने सैल पडू लागला, आणि नेमक्या त्याच सुमारास तमाशा घराच्या दारातून आत येत होता.

१९५० साली अमेरिकेतील शंभरांपैकी सुमारे नऊ घरांत दूरचित्रवाणीचा संच होता. १९६० साली तो शंभरांपैकी सत्याऐंशी घरांत पोहोचला. प्रारंभीच्या त्या वर्षांत ख्रिस्ती कुटुंबांना भयाचे कारण फारसे नव्हते. प्रक्षेपकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९५२ पासून स्वतःच एक आचारसंहिता अमलात आणली होती, आणि बिशप फुल्टन शीन हे फळ्यावर खडूने लिहीत आठवड्याच्या आठवड्याला धर्मनिरूपणाचा जो कार्यक्रम सादर करीत, त्याबद्दल त्यांना १९५३ साली एमी पारितोषिक मिळाले होते. व्हॅटिकननेही या नव्या साधनाचे स्वागतच केले. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली चित्रपट, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी या तिहींवर मिळून एक परिपत्रक काढले, आणि पुढे असिसीची संत क्लारा हिला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. कारण आजारपणामुळे नाताळच्या मिस्सेला जाऊ न शकलेल्या क्लारेला आपल्या खोलीतच ती सारी उपासना दिसली व ऐकू आली, अशी आख्यायिका आहे. या निवडीचा अर्थ मोठा कोमल आहे : दूरचा पवित्र प्रसंग अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी आणून ठेवणे, हे या यंत्राचे उदात्त रूप होय असे धर्मसभेला वाटले होते.

भ्रमनिरासाचा पहिला मोठा उद्गार निघाला तो मात्र इंग्लंडातून, आणि तो एका शाळामास्तरणीच्या तोंडून निघाला. श्रॉपशर परगण्यातील मॅडली येथे मेरी व्हाइटहाउस या कला शिकवीत आणि मुलींच्या नैतिक शिक्षणाचीही जबाबदारी पाहत. आदल्या रात्री पाहिलेल्या कार्यक्रमांतील कल्पना विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी वर्गात बोलून दाखवू लागल्या, हे त्यांनी कानांनी ऐकले. ५ मे १९६४ रोजी बर्मिंगहॅमच्या नगरभवनात त्यांनी नोरा बकलंड या पाळकपत्नीच्या साहाय्याने सभा बोलाविली, ती खचाखच भरली, आणि तेथून दूरचित्रवाणी स्वच्छ करण्याची चळवळ सुरू झाली. पुढल्याच वर्षी तिचे रूपांतर प्रेक्षक व श्रोते यांच्या राष्ट्रीय संघटनेत झाले. बी. बी. सी.चे तत्कालीन महासंचालक सर ह्यू कार्लटन ग्रीन यांनी त्यांना उभेही केले नाही. परंतु या बाईंनी आणि त्यांच्या सभासदांनी संध्याकाळच्या संध्याकाळ संचापुढे बसून कोणत्या कार्यक्रमात काय दिसले, काय बोलले गेले, याच्या नोंदी केल्या, आणि त्या नोंदींच्या आधारे पत्रांमागून पत्रे धाडली. दूरचित्रवाणीची तक्रार पुराव्यानिशी करण्याची ही रीत व्हाइटहाउस यांनी रुजविली, आणि हे त्यांचे खरे ऋण आहे.

त्यांच्या हातून झालेली चूकही याच रीतीच्या विस्मरणातून झाली. १९८२ साली नॅशनल थिएटरमधील एका नाटकाच्या दिग्दर्शकावर त्यांनी खटला चालविला. ते नाटक त्यांनी स्वतः पाहिले नव्हते. त्यांच्या वतीने वकिलाने ते पाहिले, पण तो बसला होता प्रेक्षागाराच्या अगदी मागल्या रांगेत. उलटतपासणीत त्याची साक्ष डळमळली आणि फिर्याद मागे घ्यावी लागली. ज्या स्त्रीची सारी पुण्याई स्वतः पाहून लिहिलेल्या नोंदींवर उभी होती, तिने परक्याच्या डोळ्यांवर विसंबून न्यायालयाची पायरी चढावी, याचे वाईट वाटते. स्वतःच्या डोळ्यांनी न पाहिलेल्या गोष्टीवर मत देऊ नये, हा या व्यवसायाचा पहिला दंडक त्या प्रकरणाने कायमचा शिकविला.

अमेरिकेत हीच कथा मिसिसिपी राज्यात पुन्हा घडली. १९७५ साली प्रक्षेपकांनी संध्याकाळचा पहिला तास कुटुंबासाठी राखून ठेवण्याचे ठरविले होते. परंतु प्रक्षेपणावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाच्या दडपणाखाली झालेली ही व्यवस्था घटनाबाह्य आहे, असा निर्णय पुढल्या वर्षी लॉस एंजेलिस येथील फेडरल न्यायाधीशाने दिला. त्याच १९७६ सालच्या डिसेंबरात साउथहेवन येथील मेथडिस्ट मंडळीचे पाळक डोनाल्ड वाइल्डमन हे एका संध्याकाळी मुलाबाळांसह संचापुढे बसले असता एका वाहिनीवर व्यभिचाराचा प्रसंग, दुसरीवर शिवीगाळ आणि तिसरीवर हिंसाचार दिसल्यावर त्यांनी संच बंद केला, आणि थोड्याच दिवसांत आपल्या मंडळीला एक आठवडाभर दूरचित्रवाणी न पाहण्याचे आवाहन केले. त्या आवाहनाची बातमी देशभर गेली. १९७७ मध्ये त्यांनी टुपेलो येथे सभ्यतारक्षणाची संघटना काढली, स्वयंसेवकांकडून कार्यक्रमांतील आक्षेपार्ह प्रसंगांची मोजदाद सुरू केली, आणि ते आकडे प्रक्षेपकांकडे न पाठविता जाहिरातदारांपुढे ठेवले. १९८१ साली बहिष्काराची भाषा जोर धरू लागली तेव्हा प्रॉक्टर अँड गॅम्बल या मोठ्या साबणउत्पादक कंपनीच्या अध्यक्षांनी सुमारे पन्नास कार्यक्रमांतून आपण जाहिराती काढून घेतल्याचे जाहीर केले. दूरचित्रवाणीची खरी किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हे वाइल्डमन यांनी अचूक ओळखले होते.

परंतु जाहिरातदाराची थैली आवळून बाजाराला धाक घालता येतो, घराला दिशा देता येत नाही. अमुक कंपनीने माघार घेतली या वार्तेने कोणत्या आईला आज रात्री मुलांना काय दाखवावे हे कळणार? शिवाय १९८२ साली एका प्रक्षेपणसंस्थेवर पुकारलेला बहिष्कार फारसा परिणाम न करताच विरला, आणि १९८३ पर्यंत प्रक्षेपकांची ती जुनी आचारसंहिताही मोडीत निघाली. वरून अंकुश ठेवणारे सारे हात याप्रमाणे एकामागून एक सैल पडल्यावर निवाड्याचा अधिकार जेथे मुळात असावयास हवा होता तेथे, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांकडे, परत आला. त्यांना हवी होती ती माहिती. आणि ती पुरविणारा नव्या जातीचा परीक्षक याच काळात उदयास आला.

१९८५ मध्ये टेड बेअर यांनी ‘मूव्हीगाइड’ सुरू केले. मानसशास्त्रज्ञ जेम्स डॉब्सन यांनी १९७७ साली स्थापन केलेल्या ‘फोकस ऑन द फॅमिली’ या संस्थेने १९९० च्या सुमारास पालकांसाठी एक लहानसे वार्तापत्र काढले. तेच पुढे ‘प्लग्ड इन’ या नावाने प्रसिद्धीस आले. या वार्तापत्राने जी पद्धत बसविली ती पाहिल्यावर त्या एकाक्षरी याद्यांपासून आपण किती दूर आलो हे समजते. प्रत्येक परीक्षणात कथासार दिल्यावर ठरीव क्रमाने सदरे येतात : प्रथम कथेतील सद्गुणांची उदाहरणे, नंतर धर्म व श्रद्धा यांविषयीचे उल्लेख, मग लैंगिक प्रसंग, हिंसा, शिव्या व अपशब्द, मद्य आणि अमली पदार्थ, इतर आक्षेपार्ह गोष्टी, आणि सरतेशेवटी समारोप. परीक्षक वही घेऊन बसतो, अपशब्द किती वेळा आला ते मोजतो, प्रसंग कोठवर दाखविला ते शक्य तितक्या संयमित शब्दांत लिहितो, आणि ज्या घरात दहा वर्षांचे मूल आहे व ज्या घरात सोळा वर्षांचे आहे त्या दोहोंनी आपापला निर्णय घ्यावा एवढी सामग्री पुढे ठेवतो. सद्गुणांचे सदर प्रथम ठेवण्यात मला त्या न्यूयॉर्कच्या महिलांच्या धोरणाचा पुनर्जन्म दिसतो.

मोजदादीला मर्यादा आहेत, हेही कबूल केले पाहिजे. १९८९ च्या डिसेंबरात सुरू झालेली ‘द सिम्पसन्स’ ही व्यंगचित्रमालिका तिच्यातील उद्धट मुलाच्या पायी प्रारंभी अनेक धर्मनिष्ठ पालकांच्या रोषास पात्र झाली. पुढे मार्क पिन्स्की या ज्यू पत्रकाराने तिचा बारकाईने अभ्यास करून २००१ मध्ये तिच्यातील धर्मविचारावर एक ग्रंथच लिहिला. रविवारी उपासनेला जाणारे, जेवणापूर्वी प्रार्थना करणारे, देवाशी भांडणारे आणि तरीही एकत्र राहणारे हे कुटुंब अमेरिकन दूरचित्रवाणीवर दुर्मिळ होते, हे त्यातून अनेकांना उमगले. व्हॅटिकनच्या ‘लोस्सेर्वातोरे रोमानो’ या पत्रानेही कालांतराने तिची प्रशंसा केली. शिव्यांची बेरीज करणाऱ्या वहीत क्षमेची नोंद कोठे करावयाची, हा प्रश्न या मालिकेने साऱ्या ख्रिस्ती परीक्षकांपुढे टाकला, आणि त्यांपैकी जे चांगले होते त्यांनी त्याचे उत्तर समारोपाच्या परिच्छेदात देण्याचा प्रामाणिक यत्न केला. प्रसंगाची गणना आणि कथेचा हेतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खून दाखविणारी कथा खुनाची स्तुती करीलच असे नाही, याची साक्ष पवित्र शास्त्रातील काइन आणि दावीद यांचे अध्यायच देतात.

सरकारनेही आपल्या परीने तजवीज केली. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने संचात आक्षेपार्ह कार्यक्रम अडविणारी चिप बसविणे बंधनकारक केले. १ जानेवारी २००० पासून तेरा इंच व त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या संचात ती आली. १९९७ पासून कार्यक्रमांच्या कोपऱ्यात वयाचे वर्ग आणि लगोलग हिंसा, भाषा इत्यादींची आद्याक्षरे झळकू लागली. परंतु ही अक्षरे देणारा तो कार्यक्रम विकणाराच असतो, आणि ज्याचा माल त्याचेच माप, या व्यवहारावर शहाणा गृहस्थ बाजारातही विसंबत नाही. म्हणूनच या चिपने स्वतंत्र परीक्षकाची गरज कमी न करता उलट वाढविली. पुढे २०१३ साली ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’ या मालिकेचे तेराही भाग नेटफ्लिक्सने एकाच दिवशी खुले केले, आणि प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आला, तेव्हा राखीव तास, राखीव वाहिनी या साऱ्या जुन्या बंधाऱ्यांना अर्थच उरला नाही.

हा इतिहास आपल्यालाही परका नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगर येथे सुरू केलेल्या ‘ज्ञानोदया’पासून घरात काय वाचावे याचा विचार मराठी ख्रिस्ती समाज करीत आला आहे, आणि २०२१ च्या नियमांनुसार आपल्या देशातही महाजालावरील मालिकांना सात, तेरा, सोळा अशा वयांचे वर्ग प्रसारकांनी स्वतःच लावावयाचे आहेत. वसईतील घरी रोजरीची वेळ आणि शेजारच्या घरी शुभंकरोतीची वेळ ही एकच तिन्हीसांज आहे, आणि त्याच वेळी पडदा उजळतो. तेव्हा प्रश्न एका धर्माचा नाही. फक्त त्याचे उत्तर शोधण्याचा लिखित अनुभव ख्रिस्ती परीक्षकांपाशी बराच जुना आहे, आणि तो अनुभव असे सांगतो की बंदी थोडा काळ टिकते, बहिष्कार त्याहून थोडा, पण प्रत्यक्ष पाहून प्रामाणिकपणे लिहिलेले विवरण घराच्या उपयोगी पडत राहते.

आलिपियसच्या चरित्रात, रोमला जाण्यापूर्वीचा, आणखी एक प्रसंग आहे. कार्थेजमध्ये असताना त्याला घोडशर्यतींचे जबर वेड होते. एके दिवशी तो ऑगस्टीनच्या वर्गात येऊन बसला, आणि गुरूने पाठ समजावून सांगताना ओघात त्या शर्यतींचा दाखला देऊन त्यांच्या नादी लागलेल्यांवर दोन बोचरे शब्द उच्चारले. ते त्याला उद्देशून नव्हते, तरीही त्याने ते स्वतःला लावून घेतले आणि शर्यतींना जाणे सोडले. रोममध्ये त्याने डोळे मिटले तेव्हा हा गुरू जवळ नव्हता. मिटलेल्या डोळ्यांनी जे साधले नाही ते जवळच्या, जाणत्या माणसाच्या विवेचनाने साधले होते. या व्यवसायाचे सारे सार या दोन प्रसंगांत आले. म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे, की परीक्षकाचे विवरण अवश्य वाचावे, कार्यक्रम आधी स्वतः शेवटपर्यंत पाहावा, आणि मग तो मुलांना दाखवावयाचा ठरला तर तो पाहताना त्यांच्या शेजारी बसावे.